ड्रेन प्लग कितीही आवळला तरी ऑइल का ठिबकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लांज्याजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांकडे वडिलांच्या वेळची, 1998 ची मारुती 800 आहे. गाडी उभी असते त्या जागी रोज सकाळी फरशीवर ऑइलचे चार-पाच थेंब दिसतात. त्यांनी गॅरेजमध्ये दोनदा ड्रेन प्लग, म्हणजे इंजिनातले ऑइल खाली उतरवण्यासाठी असलेला बोल्ट, आवळून घेतला, दुसऱ्या वेळी तर पान्याला पाइप लावून आवळला, तरी ठिबकणे थांबले नाही, उलट थोडे वाढले. आता प्लगच्या डोक्याच्या कडा गोल झाल्या आहेत. ऑइल बदलायची वेळ आली आहे आणि काम स्वतः करायची त्यांची इच्छा आहे. प्लग सुटेल कसा, बसवताना टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावावे का आणि तो नेमका किती आवळावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नीट पटले की बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यातल्या, ऑइलला दाब असतो, हा चुकीचा समज गॅरेजमध्ये काम करणाऱ्या अनेकांचाही असतो आणि पाइप लावून प्लग आवळण्याची सवय त्यातूनच लागते. ऑइल पंप जो दाब तयार करतो तो पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर, इंजिनातील ऑइलच्या वाटा आणि बेअरिंगे यांच्यामध्ये असतो. बेअरिंगांतून बाहेर पडलेले ऑइल नुसते खाली गळून चेंबरमध्ये साठते. ड्रेन प्लगला अडवायचे असते ते वीतभरही उंची नसलेल्या ऑइलचे वजन. एवढे ऑइल अडवायला प्रचंड जोराची गरज नाही. गरज आहे ती स्वच्छ आणि सपाट बैठकीची, म्हणजे प्लगचे डोके जिथे टेकते त्या जागेची, आणि प्लगच्या डोक्याखाली बसणाऱ्या मऊ वायसरची.

प्लगचे आटे ऑइल अडवत नाहीत, हेही ध्यानात घ्या. सरळ आट्यांच्या बोल्टमध्ये आटे आणि नट यांच्यामध्ये नागमोडी फट राहतेच आणि ऑइल तिच्यातून हळूहळू खाली उतरतेच. ते थांबते वायसरपाशी. आट्यांचे काम फक्त वायसरला दोन्ही बाजूंनी सारखे दाबून धरण्याचे आहे. म्हणून आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप चुकीच्या जागी लावलेली असते. शिवाय तिचे तुकडे चेंबरमध्ये पडले तर पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. एम-सीलने थेंब काही दिवस थांबेल, पण पुढच्या वेळी प्लग काढणाऱ्याला छिन्नी घ्यावी लागेल. शेलॅकचेही, म्हणजे गॅरेजमध्ये पॅकिंगला लावतात त्या चिकट द्रवाचेही, तेच. यापैकी काहीही लावू नका.

आता जोराचा हिशेब पाहू. तुमच्या गाडीच्या इंजिनाला, आणि त्या पिढीतील मारुतीच्या इतर पेट्रोल इंजिनांना, ड्रेन प्लगसाठी 30 ते 40 न्यूटन-मीटर एवढा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सांगितलेला आहे. मधला 35 धरा. 17 नंबरचा साधा रिंग पाना साधारण 22 ते 25 सेंटिमीटर लांब असतो. तो शेवटाला धरून 15 किलोच्या आसपास जोराने ओढला की हा टॉर्क पुरा होतो. एका हाताने, खांदा न लावता, सहज देता येईल एवढाच हा जोर आहे. त्याच पान्याला दोन फुटी पाइप लावून अंगाचा भार टाकत 40 किलोने ओढले, तर तो टॉर्क 230 न्यूटन-मीटरच्या वर जातो, म्हणजे गरजेच्या सहा-सात पट. तुमच्या गाडीचा चेंबर पत्रा दाबून घडवलेला आहे आणि प्लगसाठी त्याला जाड नट वेल्ड केलेला आहे. एवढ्या जोराने वायसर चिरडून एका बाजूने फाटतो, आटे ताणले जातात आणि नटाभोवतीचा पत्राही किंचित ओढला जाऊन बैठक वाकडी होते. त्यानंतर नवा वायसर टाकला तरी तो एका बाजूने दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूने सुटा राहतो. तुमचे ठिबकणे दुसऱ्या आवळणीनंतर वाढले, त्याचे हे सर्वांत संभाव्य कारण आहे.

कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये मी काम शिकलो तेव्हा आमच्या मिस्त्रींनी पहिले काही महिने मला प्लग काढू दिला नव्हता, फक्त बसवायला दिला होता. तेव्हा ते उलटे वाटायचे. पुढे इतकी वर्षे काम केल्यावर त्यांचे म्हणणे पटले, कारण प्लग काढताना जो त्रास होतो तो बहुतेक वेळा मागच्या वेळी बसवणाऱ्याने करून ठेवलेला असतो. तुमच्या प्लगच्या गोल झालेल्या कडा हा त्याचाच पुरावा आहे.

पान्याला हात लावण्यापूर्वी मात्र ऑइल खरोखर प्लगमधूनच येते आहे का, याची खात्री करून घ्या. प्लग हा इंजिनाचा जवळजवळ सर्वांत खालचा बिंदू असल्यामुळे वरून कुठूनही ओघळलेले ऑइल शेवटी त्याच्याच टोकाशी येऊन थेंब धरते. तुमच्या इंजिनात वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची ओ-रिंग, हेडवर बसवलेल्या पेट्रोल पंपाचे पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची रबर रिंग आणि खुद्द चेंबरचे पॅकिंग एवढ्या जागा तपासण्यासारख्या आहेत. खालचा सारा भाग डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने धुऊन कोरडा पुसा, प्लगभोवती आणि चेंबरच्या कडेने साधी टाल्कम पावडर फुंकून बसवा आणि पाच-दहा किलोमीटर गाडी चालवून परत वाकून पाहा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची वाट स्पष्ट उमटते. ती वाट चेंबरच्या कडेपासून सुरू होत असेल तर प्लग निर्दोष आहे आणि बिचाऱ्याला दोनदा उगाच आवळले गेले आहे.

आणखी एक जागा सहसा कोणी पाहत नाही. जुन्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या की जळणाऱ्या वायूचा काही भाग पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी दिलेली ब्रीदरची नळी काजळीने तुंबली असेल तर इंजिनाच्या पोटात थोडा दाब साठतो आणि तो सगळ्या पॅकिंगांतून ऑइल बाहेर ढकलतो. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहा. झाकण धडधडत उचलले जात असेल किंवा धुराचा जोरदार झोत येत असेल, तर आधी ती नळी साफ करा.

आता सामान. 14 एमएम बोल्टला बसणारे दोन-तीन नवे वायसर आणि एक नवा प्लग आधीच आणून ठेवा. तुमच्या प्लगचे डोके गेलेले आहे, त्यामुळे तो पुन्हा वापरण्याचा विचारही करू नका. प्लगचे आटे 14 एमएम जाडीचे आणि 1.5 एमएम अंतराचे आहेत. दुकानातून आणताना जुन्या प्लगशी जुळवता येणार नाही, कारण तो गाडीत असेल, म्हणून गाडीचे मॉडेल आणि साल सांगून मूळ कंपनीचा घ्या. नवा प्लग हातात नसताना जुना काढायला बसू नये. सुटा केलेला प्लग परत बसवण्याच्या लायकीचा उरला नाही की गाडी तिथेच उभी राहते आणि मग जो मिळेल तो बोल्ट कोंबण्याचा मोह होतो.

त्याशिवाय 17 नंबरची सहा कोनी सॉकेट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गोटी, लागेल. बारा कोनी गोटी किंवा रिंग पाना चांगल्या डोक्यावर चालतो, पण झिजलेल्या डोक्यावर त्याची पकड फक्त टोकांवर येते आणि उरलेल्या कडाही जातात. सहा कोनी गोटी डोक्याच्या सपाट बाजूंवर दाब देते. चार-पाच लिटर मावेल असे पसरट टोपले, चिंध्या, तारेचा ब्रश आणि नवा फिल्टर एवढे पुरे.

गाडी सपाट जागेवर घ्या. पुढून जॅकने उचललीत तर दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्याशिवाय खाली जाऊ नका. नुसता जॅक, विटा किंवा जांभ्या दगडाचे चिरे यांवर टेकवलेल्या गाडीखाली झोपणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. चिरा वरून भक्कम दिसतो, पण एका टोकावर भार आला की आवाजही न करता फुटतो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण्या लावा. जवळ सर्व्हिसिंगचा खड्डा मिळत असेल तर तो सर्वांत उत्तम, कारण गाडी समतल राहते आणि ऑइल पूर्ण उतरते.

इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करा आणि थोडा वेळ थांबा. ऑइल कोमट असले की ते पातळ होऊन गाळ सोबत घेऊन उतरते. आंबा घाट चढून आल्या आल्या मात्र प्लग उघडू नये. तेव्हा ऑइल पाणी उकळते त्याच्या जवळपास तापलेले असू शकते आणि प्लग सुटल्याबरोबर ते मनगटावरून कोपरापर्यंत वाहत येते. वरचे ऑइल भरायचे झाकण उघडून ठेवा, म्हणजे धार अडखळत पडत नाही.

खाली गेल्यावर प्लग कोणता, हे नीट ओळखा. या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाला बाजूने जोडलेला आहे आणि त्यालाही स्वतःचा ड्रेन प्लग आहे. घाईत गिअर ऑइल काढून टाकायचे आणि वरून इंजिनात नवे ऑइल ओतायचे, ही चूक मी अनेकांच्या हातून झालेली पाहिली आहे. परिणाम असा होतो की इंजिनात दुप्पट ऑइल आणि गिअरबॉक्स कोरडा. इंजिनाचा चेंबर काळा रंगवलेल्या पत्र्याचा असतो आणि गिअरबॉक्सचे आवरण ओतीव ॲल्युमिनियमचे, खडबडीत आणि फिकट असते. ज्यातून धार येते ते ऑइल घट्ट, पिवळसर आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असेल तर तुम्ही चुकीचा प्लग उघडला आहे. लगेच बंद करा.

झिजलेले डोके सोडवण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. ड्रेन प्लगचे आटे आतून ऑइलने भिजलेले असतात, त्यामुळे ते गंजून धरत नाहीत. धरलेली असते ती डोक्याखालची बैठक, जिथे चिरडलेला वायसर दोन्ही बाजूंना चिकटून बसलेला असतो, आणि तुमच्यासारख्या किनारपट्टीजवळच्या गाडीत खारट हवेने डोक्याच्या कडेलाही गंज चढलेला असतो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने डोके लखलखीत करा. कोपऱ्यांतली माती आणि गंज निघाला नाही तर गोटी पूर्ण खोल बसत नाही आणि अर्धवट बसलेली गोटीच घसरते. मग डोक्यावर जाड पंच टेकवून हातोडीचे दोन-तीन ठोके सरळ वरच्या दिशेने, म्हणजे प्लगच्या अक्षाच्या रेषेत द्या. चेंबर फोडायचा नाही, वायसरची पकड हलवायची आहे. ठोके आखूड आणि टणक असावेत. यानंतर 17 ची सहा कोनी गोटी हातोडीने हलके ठोकून पुरी बसवा आणि प्लगच्या डोक्याकडे तोंड करून डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. गाडीखाली उताणे पडले की दिशा उलटसुलट वाटू लागते; अशा वेळी बाटलीचे झाकण समोर धरले आहे असे समजून फक्त डोक्याकडे पाहावे. हँडल स्वतःकडे ओढा, ढकलू नका. ढकलताना गोटी सुटली की बोटांची हाडे पत्र्यावर आपटतात.

घसरू लागले तर तिथेच थांबा. एक-दोनदा घसरून उरलीसुरली कड घालवण्यापेक्षा 16 नंबरची जुनी सहा कोनी गोटी घ्या आणि झिजलेल्या डोक्यावर हातोडीने ठोकून बसवा. डोके इतके झिजलेले असेल तर ती कडांना चावून धरते. तेही जमले नाही तर कानशीने डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून लहान मापाचा फिक्स पाना लावा. डोके पुरते गोल झाले असेल तर शेवटचा उपाय छिन्नीचा: डोक्याच्या कडेला खाच पाडून तीच छिन्नी तिरपी धरून ठोके देत प्लग फिरवायचा. गॅसची ज्योत कोणत्याही परिस्थितीत लावू नका. आत ऑइल आणि त्याची वाफ आहे. डोक्यावर नट वेल्ड करून काढण्याची पद्धत चांगली आहे, पण ती अनुभवी माणसाने, डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) नळीतून ऑइल आधी ओढून घेऊन आणि बॅटरीची वायर काढूनच करावी. घरी करू नका.

प्लग हलका झाला की गोटी बाजूला ठेवा आणि पुढचे आटे बोटांनी सोडवा. सोडवताना प्लग आत दाबून धरा. शेवटचा आटा सुटल्याचे बोटांना कळते, तेव्हा हात झटक्यात बाजूला घ्या. पहिली धार सरळ खाली न पडता पुढे उडते, म्हणून टोपले प्लगच्या बरोबर खाली न ठेवता धारेच्या दिशेने अर्धी वीत सरकवून ठेवा आणि धार मंदावली की परत मागे घ्या. शेवटचे ऑइल थेंबाथेंबाने उतरायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ द्या, कारण चेंबरच्या तळाचा गाळ याच थेंबांबरोबर येतो.

या वेळात उतरलेले ऑइल पाहून घ्यावे. ते काळे असणे साहजिक आहे. ऑइलमध्ये पाणी शिरले असेल तर गाडी रात्रभर उभी असताना ते ऑइलखाली जाऊन बसते, म्हणून रात्रभर उभ्या गाडीचा प्लग सकाळी इंजिन चालू न करता किंचित सैल केला तर पहिल्यांदा पाण्याचेच थेंब येतात. शंका असेल तर ही परीक्षा आदल्या वेळी करता येते. संपूर्ण ऑइल दुधाळ, ताकासारखे झाले असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची, तपासणी करून घेतल्याशिवाय गाडी चालवू नका. पावसाळ्यात फक्त बाजारापर्यंत ये-जा करणाऱ्या गाडीत झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पिवळट साय धरते, ती मात्र हवेतल्या ओलीची असते आणि तिला घाबरायचे कारण नाही. ऑइल बोटांत चोळून पाहा. चमकणारे पातळ पापुद्रे दिसले तर लोहचुंबक लावा: चिकटले तर लोखंड, आणि चिकटले नाहीत तर बेअरिंगचा धातू असू शकतो. तो जास्त काळजीचा विषय आहे.

आता चेंबरचे तोंड. इथे माझ्या अनुभवातील एक गाडी सांगतो. एक ओम्नी माझ्याकडे आली होती, तुमच्यासारखीच तक्रार घेऊन. तीन ठिकाणी आवळून झाली होती. प्लग काढला, तोंड चिंधीने पुसले, काही दिसले नाही. मग नखाने चाचपले तेव्हा बैठकीवर अगदी बारीक कड लागली. आधीच्या कुणीतरी टाकलेला तांब्याचा वायसर पत्र्याला चिकटून राहिला होता आणि काळा पडल्यामुळे तो चेंबरचाच भाग वाटत होता. प्रत्येक वेळी त्याच्यावर नवा वायसर चढवला जात होता. दोन वायसर एकमेकांवर बसले की ते कधीच सारखे दाबले जात नाहीत. पातळ पट्टीने तो हळूच उचकटून काढला, नवा एकच वायसर टाकला आणि ठिबकणे बंद झाले. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, बैठकीवरून नख फिरवा. तिथे खोल चर लागला तर तो कानशीने घासू नका, कारण कानस हातात कधीच पूर्ण सपाट चालत नाही. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ताणून बैठक हलक्या हाताने घासता येते. घासण्यापूर्वी तोंडात चिंधीचा बोळा घाला आणि नंतर आठवणीने काढा.

नव्या वायसरविषयी माझे मत ठाम आहे: दर वेळी नवा टाकावा. ॲल्युमिनियमचा वायसर एकदा दाबला गेला की त्याचा मऊपणा संपतो. तांब्याचाच असेल आणि नवा मिळतच नसेल, तर जुना पुन्हा मऊ करता येतो. गॅसवर चिमट्यात धरून तो मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. तांबे तापवल्याने मऊ होते. पोलादासारखे ते पाण्यात टाकल्याने कडक होत नाही. वरची काळी खपली पॉलिश पेपरने काढली की वायसर वापरण्याजोगा होतो. फाटलेला किंवा एका बाजूने पातळ झालेला वायसर मात्र टाकूनच द्या.

बसवताना पाना दूर ठेवा. आटे कोरड्या चिंधीने पुसा, प्लग बोटांत सरळ धरा, तोंडाला टेकवा आणि आधी उलट्या दिशेने हळू फिरवा. पाऊण किंवा एक फेरा झाला की एक बारीकशी टिक बोटांना जाणवते. आट्याचे टोक आट्याच्या खाचेत उतरल्याची ती खूण आहे. तिथून सुलट फिरवायला सुरुवात करा. प्रत्येक फेऱ्याला प्लग दीड मिलिमीटर आत जातो, म्हणजे वायसर टेकेपर्यंत सहा-आठ फेरे तरी होतात, आणि हे सगळे फेरे नुसत्या बोटांनी झाले पाहिजेत. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच प्लग अडला आणि पाना घ्यावासा वाटला, तर तो तिरका चढतो आहे. बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. त्या क्षणी पाना वापरला की चेंबरच्या नटाचे आटे कापले जातात आणि ते नुकसान भरून निघत नाही. आमच्या मिस्त्रींनी मला डोळे मिटून प्लग बसवायला लावला होता, तो याच टिकेची ओळख व्हावी म्हणून. गाडीखाली तसेही नीट दिसत नाही. बोटांनाच दिसावे लागते.

वायसर टेकल्यावर टॉर्क पाना असेल तर 35 न्यूटन-मीटरला आवळा. नसेल तर साध्या 17 च्या रिंग पान्याने एका हाताने आवळा: वायसर दबू लागल्याचे हाताला मऊपणे कळते आणि मग हालचाल एकदम घट्ट होते. साधारण पाव फेऱ्याच्या आसपास हे घडते, मऊ वायसर असेल तर थोडे पुढे. ती घट्टपणाची जाणीव आली की थांबा.

नटाचेच आटे गेलेले असतील तर प्लग आवळताना कधीच पक्का होत नाही, फिरतच राहतो. किंवा काढलेल्या प्लगच्या आट्यांत धातूची कुरळी तार अडकलेली दिसते. बाजारात थोडा जाड, स्वतः आटे पाडत जाणारा प्लग मिळतो. तो एकदा बसतो, पण दोन-तीन वेळा काढला की तेही आटे जातात, म्हणून मी तो फक्त घरी पोहोचण्यापुरता मानतो. योग्य काम म्हणजे चेंबर उतरवून लेथवाल्याकडे देणे. तो आत आट्यांची नवी बुशिंग घालून देतो किंवा भोक मोठे करून 16 एमएमचे आटे मारतो, किंवा नटाचे वेल्डिंग तडकले असेल तर नटच नवा जोडतो. गाडीवरच टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवला तर धातूचा कीस चेंबरमध्ये पडतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले तरी तो सगळा बाहेर येईल याची हमी नसते, आणि चेंबर उतरवला की पंपाची जाळीही धुता येते.

ही सारी पद्धत जुन्या गाड्यांना सर्वसाधारणपणे लागू आहे, पण प्रत्येकीचे माप वेगळे आहे. अँबेसेडरचे इंजिन मूळ इंग्रजी घराण्याचे, त्यामुळे तिच्या इंजिनाचे बरेच बोल्ट इंचाच्या मापात आहेत. एमएमचा जवळपास बसणारा प्लग त्यात चढवला की आटे गेलेच. फियाट घराण्याच्या काही इंजिनांत प्लगचे डोके बाहेर नसून आत सहा कोनी खळगा असतो आणि प्लग निमुळता असून त्याला वायसर नसतो. अशा प्लगवर जोर दिला की तो पाचरीसारखा आत घुसून तोंड फाकवतो. ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर आटे आणखी नाजूक. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क पाहूनच काम करावे.

फिल्टर बदलून झाल्यावर नवे ऑइल ओता. तुमच्या इंजिनाला फिल्टरसह सुमारे पावणेतीन लिटर लागते, पण आधी अडीच लिटर ओतून डिपस्टिक पाहावी आणि मग थोडे थोडे वाढवावे. इंजिन चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. दोन मिनिटे चालवून बंद करा, कोरड्या कागदाने प्लगची कड पुसून पाहा, पाच मिनिटांनी डिपस्टिक पुन्हा तपासा. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर एखादा डाग दिसला तर पाना उचलू नका. धुताना वर अडकलेले ऑइलही एक-दोन दिवस उतरत असते. तिसऱ्या दिवशी नवा कागद पसरून मगच निर्णय घ्या.

काढलेले ऑइल डब्यात भरून घट्ट बंद करा आणि गॅरेजवाल्याकडे द्या, जिथून ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाते. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑइल येते. वाळवीसाठी ते दारे-खांबांना लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण विहिरीजवळ आणि कातळावर, जिथे पावसाचे पाणी थेट खाली मुरते, तिथे ते ओतले जाऊ नये असे मला कळकळीने वाटते. हातालाही ते फार वेळ लागू देऊ नका, साबणाने धुऊन टाका.

काम येत्या रविवारी करणार असाल तर तोपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो, म्हणजे रात्रीचे चार-पाच थेंब हे नुकसान नगण्य आहे. पण मिनिटाला एक थेंब पडू लागला तर दिवसाला सत्तर मिलिलिटर जाते आणि दोन आठवड्यांत लिटरभर ऑइल कमी होते, एवढे तुमच्या इंजिनात मुळात जास्तीचे नाही. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पाहा आणि तोपर्यंत त्या प्लगला कोणालाही पाना लावू देऊ नका.